जर्दाळूचं तेल आणलंय खरं, पण ठेवायचं कुठे?

लडाख, किन्नौर, स्पितीकडे फिरायला गेलेली मंडळी परत आली की त्यांच्या बॅगेतून सुकवलेले जर्दाळू निघतात आणि सोबत एखादी तेलाची बाटली निघतेच. यावेळी या तेलाबद्दल इतके प्रश्न आलेत की केसगळती आणि टाचांच्या भेगा पुढच्या अंकावर ढकलून अख्खा कॉलम यालाच दिलाय. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे, हे तेल घरात टिकवायचं कसं. बाकीचे त्याच्या आजूबाजूचे आहेत, तेही घेतलेत.

प्रश्न : जूनमध्ये लेहला गेलो होतो, तिथल्या मार्केटमधून जर्दाळूच्या बियांच्या तेलाच्या २०० मिलीच्या चार बाटल्या आणल्या. दोन आम्हाला, दोन नणंदांना, पण त्यांची भेटच झाली नाही त्यामुळे चारही घरातच आहेत. सासूबाई म्हणतात तेलाला काय होतंय, खोबरेल ठेवतेस ना बाथरूममध्ये, तिथेच ठेव. ठेवू का?
— वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी नणंदांच्या बाटल्या पोचवा, कुरियर करा हवं तर. कारण चार बाटल्या म्हणजे ८०० मिली, आणि चेहऱ्याला रोज पाच-सहा थेंब लावणाऱ्या घरात एवढं तेल वर्ष झालं तरी संपत नाही, आणि हे तेल तेवढं थांबत नाही.

सासूबाईंचं खोबरेलाबाबत बरोबर आहे, पण ही दोन तेलं मुळातच वेगळ्या जातीची आहेत. खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेदाम्लं असतात, त्यांच्या साखळीत ऑक्सिजनला घुसायला जागाच नसते, म्हणून ते थंडीत गोठतं, उन्हाळ्यात वितळतं आणि तरी महिनोन् महिने चांगलं राहतं. जर्दाळूच्या तेलात उलटं. त्यात साधारण साठ ते सत्तर टक्के ओलेइक आणि वीस ते तीस टक्के लिनोलेइक आम्ल असतं, संपृक्त भाग अगदी थोडा. लिनोलेइक हा त्यातला नाजूक गडी, हवेतला ऑक्सिजन आधी त्यालाच धरतो. एकदा धरला की पेरॉक्साइड तयार होतात, ते पुढच्या रेणूला लागतात, तो त्याच्या पुढच्याला, अशी साखळी चालू होते. गंमत म्हणजे पेरॉक्साइडला वासच नसतो, म्हणजे सुरुवातीचे कितीतरी दिवस तेल बिघडत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. वास येतो तो पेरॉक्साइड फुटून पुढची संयुगं तयार झाल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

या साखळीला जोर देणाऱ्या गोष्टी चार: उष्णता, उजेड, हवा आणि तांबं-लोखंडासारखे धातू. पाणी पाचवं, ते वेगळ्या वाटेने नुकसान करतं. आता बाथरूम बघा, गीझरची वाफ, ओल, दिवसातून दोनदा गरम-गार आणि प्रत्येकाच्या ओल्या हाताने उघडलं जाणारं झाकण. घरातली याहून वाईट जागा एकच, गॅसच्या शेगडीशेजारचा ओटा.

मग करायचं काय, तर न उघडलेली बाटली सरळ फ्रिजमध्ये टाका, फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात किंवा दाराच्या रॅकमध्ये. तापमान दर १० अंशांनी खाली आलं की ही रासायनिक भानगड ढोबळमानाने निम्म्याने मंदावते, त्या हिशेबाने ३२ अंशांच्या मुंबईतल्या कपाटापेक्षा ५ अंशांच्या फ्रिजमध्ये वेग पाच-सहा पटीने तरी कमी होतो. दुसरी बाटली उघडायची ती मात्र उघडल्या दिवशीच वाटून घ्यायची. ब्राऊन काचेच्या ३० किंवा ५० मिलीच्या छोट्या बाटल्या पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, त्या स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून (पूर्ण म्हणजे पूर्ण, आत बाष्पाचा डागसुद्धा नको) गळ्यापर्यंत भरायच्या. एक बाहेर वापरात, बाकीच्या फ्रिजमध्ये.

गळ्यापर्यंत का, तर २०० मिलीची बाटली अर्धी झाली की आत १०० मिली हवा असते आणि तिचा पाचवा भाग ऑक्सिजन, शिवाय झाकण उघडलं की तो पुन्हा ताजा भरून मिळतो. लोक उजेडाची काळजी घेतात, बाटलीला फॉइल गुंडाळतात, आणि तळाला दोन बोटं तेल उरलेली मोठी बाटली सहा महिने तशीच ठेवतात. माझ्या मते घरोघरी या तेलाची वाट लागते ती या रिकाम्या जागेमुळे, उजेडाचा नंबर त्यानंतर. छोट्या बाटल्या मिळाल्या नाहीत तर एक जुगाड आहे, मुलांच्या काचेच्या गोट्या साबणाने धुऊन खडखडीत वाळवा आणि बाटलीत सोडत जा, तेल वर येतं, हवा बाहेर जाते. हसू नका, जुने फोटोग्राफर डेव्हलपरच्या बाटल्यांत हेच करायचे.

प्रश्न : लेहवरून आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घरी आल्यावर बघितल्या तर सगळ्या आत चेपलेल्या. सील शाबूत आहे. तेल आतल्या आत आटलं की दुकानदाराने कमी भरून दिलं? खराब झालं असेल का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : दुकानदाराला शिव्या घालू नका, हे हवेचं काम आहे. लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या दोन तृतीयांशच असतो. तिथे सील केलेल्या बाटलीत तेलावर जी थोडी हवा राहिली ती तिथल्या विरळ दाबाची, बाटली डोंबिवलीत आली की बाहेरची जड हवा तिला दाबते. बाटली चेपलेली आहे म्हणजे उलट सील पक्कं आहे, हवा आत शिरलेली नाही. ज्यांची बाटली चेपली नाही आणि झाकणाशी तेलकट चिकटपणा आहे त्यांनी काळजी करावी, ती आधीच श्वास घेतेय.

उघडल्यावर मात्र काचेत काढा. पातळ प्लास्टिकमधून थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपत राहतो, महिन्या-दोन महिन्यांना काही होत नाही पण वर्षभर ठेवायला प्लास्टिक नको.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि फ्रिजमध्ये आंब्यांना जागा पुरत नाही, तेल कुठे ठेवणार. माठाच्या खाली गार असतं तिथे ठेवलं तर चालेल का? आजीच्या काळातली पितळेची फिरकीच्या झाकणाची बुधली पण आहे, त्यात छान राहील असं वाटतं.
— वाचक, नागपूर

उत्तर : बुधली घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवा, तेल तिच्यात नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि तांब्याचा अगदी सूक्ष्म अंशसुद्धा तेलाचं खवट होणं कितीतरी वेगाने पुढे नेतो. आजी त्यात तेल ठेवायची हे खरंय, पण घाण्यावरून आणलेलं तेल आठ-पंधरा दिवसांत संपायचं, बुधली काही वर्षभर भरलेली नसायची. लोखंडी, गंजका डबाही नको. चांगलं स्टील चालतं, पण त्याच्या झाकणातून हवा जाते, म्हणून काच.

माठाखाली गारवा असतो पण ओलही असते, बुचाच्या फटीतून पाणी गेलं तर एक नुकसान टाळायला दुसरं ओढवून घ्याल. फ्रिजमध्ये ५० मिलीच्या दोन बाटल्यांना जागा होत नाही असा फ्रिज मी अजून पाहिला नाही हो, दारात अंड्यांच्या रॅकशेजारी आडव्या नाही, उभ्या ठेवा. अगदीच नसेल जमत तर घराच्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं लाकडी कपाट, तळाचा खण, आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात. पण मग हिशेब बदलतो, फ्रिजमध्ये उघडलेलं तेल सहा-आठ महिने गेलं असतं ते विदर्भाच्या उन्हाळ्यात बाहेर दोन-तीन महिन्यांत संपवायचं असं धरून चाला. आणि गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर तासभरसुद्धा नको, बंद गाडीत दुपारी काय तापमान होतं ते तुम्हाला नागपूरला राहून मी सांगायला नको.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलं तर तेल थोडं धुकट दिसायला लागलं, तळाशी पांढरट गाळ पण आहे. बाहेर काढलं की धुकं जातं, गाळ राहतो. भेसळ आहे का? आणि फ्रिजमध्ये गोठलं तर शुद्ध असं कोणीतरी सांगितलं, हे गोठत नाही म्हणून शंका आली.
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : गोठण्याची परीक्षा खोबरेलाची, ती इथे लावू नका. जर्दाळूचं तेल शून्याच्याही खाली पातळ राहतं, फ्रिजच्या ५ अंशांना ते गोठलं तरच मला शंका येईल. धुकं येतं ते न गाळलेल्या तेलात थोडंफार मेण किंवा ओलाव्याचा अंश असतो त्याचं, बाहेर काढल्यावर निवळतं, घाबरायचं कारण नाही.

गाळाची गोष्ट वेगळी आणि ती नीट समजून घ्या, कारण तिचा संबंध तेल काढण्याच्या पद्धतीशी आहे. लडाखच्या गावांत, शाम भागात किंवा कारगिलकडे, घरगुती तेल काढताना बिया फोडून आतला गर काढतात, वाळवतात, दगडावर वाटतात, मग त्या लगद्यात थोडं थोडं गरम पाणी घालून हाताने मळत राहतात, मळता मळता तेल सुटतं. गरात निम्म्याच्या जवळपास तेलच असतं म्हणून हे हाताने जमतं. पण या पद्धतीत तेलासोबत गराचे कण आणि पाण्याचा अंश येतो. मशीनवर काढून फिल्टर केलेल्या तेलात तो जवळजवळ नसतो. हाताचं तेल सुंदर असतं, वास तर विचारू नका, पण ते जास्त लवकर बिघडतं हे मान्य करून घ्यायला लागतं, कारण त्या ओल्या गाळात तेल फोडणारी एन्झाइम्स असतात, बुरशीलाही तिथेच खायला मिळतं.

तर बाटली दोन दिवस हलवू नका, गाळ बसू द्या, मग वरचं स्वच्छ तेल हळूच दुसऱ्या कोरड्या बाटलीत ओता आणि तळाची वाटीभर पहिल्या आठवड्यातच हातापायांना लावून संपवा. फडक्याने गाळायचं असेल तर ते फडकं उन्हात वाळवलेलं, साबणाचा वास नसलेलं हवं. आणि तुमच्या कोकणातल्या हवेसाठी एक गोष्ट, फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडायची नाही. पावसाळ्यात गार काचेवर बाहेरून कसे थेंब जमतात ते बघताच, झाकण उघडलं की तेच बाष्प आतल्या गार काचेवर आणि तेलात जमतं. अर्धा तास बाहेर राहू द्या, पुसा, मग उघडा. रोज असं काढ-घाल करण्यापेक्षा आठवडाभराचं तेल छोट्या बाटलीत बाहेर ठेवणं बरं.

प्रश्न : माझ्या बाटलीवर पॅकिंगची तारीख आहे पण तेल काढल्याची नाही. एक्स्पायरी दोन वर्षांची लिहिलीय. विश्वास ठेवू का, आणि खराब झालं हे ओळखायचं कसं? मला सर्दीचा त्रास आहे, वास फारसा कळत नाही.
— वाचक, पुणे

उत्तर : रिफाइन केलेलं, कंपनीत नायट्रोजन भरून सील केलेलं तेल असेल तर दोन वर्षं समजू शकतो. घाण्याच्या किंवा हाताच्या कच्च्या तेलाला मी एक वर्ष धरतो, तेही न उघडता आणि गार जागी. आणि वर्ष मोजायचं ते तेल काढल्यापासून. लडाखात जर्दाळू उतरतात जुलै-ऑगस्टमध्ये, त्यानंतर बिया वाळवून फोडायच्या, थंडीत रिकामपण मिळालं की तेल. म्हणजे मे-जूनमध्ये तिथे गेलेल्या माणसाला जे तेल मिळतं ते गेल्या वर्षीच्या फळाचं असतं, यात फसवाफसवी काही नाही, झाडाला नवीन फळ अजून पिकलेलंच नसतं. फक्त आपण "आत्ताच आणलंय" म्हणून नव्याने दिवस मोजायला लागतो तिथे चुकतं. विकणाऱ्याला विचारायचं ते एवढंच, तेल कधी काढलं. बिया कवचासकट नीट कोरड्या राहिल्या असतील तर जुन्या बियांचं नवं तेलही चांगलं असतं. काढून वर्षभर पडलेलं तेल नको.

ओळखायचं कसं, तर दोन थेंब तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताने चोळून गरम करा आणि मग वास घ्या, बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन काही कळत नाही. ताज्या कच्च्या तेलाला हलका बदामासारखा वास असतो, रिफाइनला जवळजवळ काहीच नाही. खवट तेलाचा वास म्हणजे कपाटात विसरलेल्या जुन्या शेंगदाण्यांचा किंवा रंगकामानंतर खोलीत राहतो तसा. झाकणाच्या आट्यांत चिकट, पिवळट थर जमलाय का बघा, पण झाकणाच्या वासावरून बाटलीला फाशी देऊ नका, तिथे तेलाचा पातळ थर हवेत उघडा असतो, तो नेहमी आतल्या तेलाच्या आधी खवटतो. झाकण धुऊन वाळवा, मग तेल तपासा. रंगावर मात्र जाऊ नका, पिवळा रंग वेगवेगळा असतोच.

सर्दीचं म्हणाल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वास घ्यायला सांगा, आणि पहिल्या दिवशीच एका चिमुकल्या बाटलीत चमचाभर तेल गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये मागे ठेवून द्या, नंतर तुलना करायला उपयोगी पडतं. शंका राहिलीच तर चेहऱ्याला लावू नका. खवट तेलाने प्रत्येकाला त्रास होतो असं नाही पण ज्यांची त्वचा आधीच चिडकी आहे त्यांना पुरळ-लाली येऊ शकते, आणि एवढ्याशा तेलासाठी ते का ओढवून घ्यायचं.

प्रश्न : मेडिकलमध्ये मिळणाऱ्या व्हिटॅमिन ई च्या हिरव्या कॅप्सूल फोडून बाटलीत टाकल्या तर तेल जास्त टिकतं असं सगळीकडे सांगतात. किती टाकू?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : टिकवण्यासाठी म्हणून एकही नको. पाकिटावरचं बारीक नाव वाचा, बहुतेक कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल ॲसिटेट असतं. व्हिटॅमिन ई चा जो टोक ऑक्सिजनशी झुंजतो तोच यात ॲसिटेटने बांधून टाकलेला असतो, कॅप्सूल स्वतः टिकावी म्हणून. पोटात गेल्यावर शरीर ती गाठ सोडतं, बाटलीत कोण सोडणार? म्हणजे तेलाला त्याचा काही उपयोग नाही. साधं, मोकळं टोकोफेरॉल वेगळं मिळतं, कॉस्मेटिकचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे, ते शंभर मिलीला दोन-चार थेंब पुरतं. जास्त घातलं तर जास्त टिकतं असंही नाही, अती झालं की ते उलट्या दिशेनेही काम करतं. आणि ते सुद्धा ताज्या तेलात, खवटलेलं तेल व्हिटॅमिन घालून माघारी येत नाही.

याला जोडूनच, जुनी बाटली संपत आली की नवी तिच्यातच ओतायची सवय असेल तर सोडा. तळाच्या जुन्या तेलात साखळी आधीच चालू झालेली असते, ती नव्या तेलाला लागते. आणि ड्रॉपरची बाटली दिसायला छान पण दर वेळी थेंब घेताना हवेचा बुडबुडा आत सोडते, शिवाय वरचा रबरी फुगा तेलाने हळूहळू मऊ-चिकट होतो. महिन्याभराच्या वापराला ठीक, साठवायला साधं आट्यांचं झाकण.

प्रश्न : मी तेलात गुलाबाच्या पाकळ्या आणि जास्वंद घालून काचेची बरणी पंधरा दिवस उन्हात ठेवली, आई खोबरेलात असंच करायची. आता वरती फेस आहे आणि वास आंबूस. गाळून वापरू का?
— वाचक, सांगली

उत्तर : नाही, टाका. ताज्या फुलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते तेलाखाली साचलं आणि आंबलं. आई बहुधा पाणी उडेपर्यंत तेल कढवायची, आपल्याकडची तेलं तशीच होतात, बुडबुडे थांबले की उतरवायचं. खोबरेल ते सोसतं. जर्दाळूचं तेल कढवलं की त्याचा वासही जातो आणि टिकाऊपणाही, आणि पंधरा दिवस ऊन म्हणजे तर उजेड आणि उष्णता दोन्ही एकदम. फुलांची हौस असेल तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलावर करा. जर्दाळूच्या तेलात करायचंच तर सुकलेल्या, हातात कुस्करल्यावर चुरा होणाऱ्या पाकळ्या, थोडं तेल, आणि बरणी अंधाऱ्या कपाटात.

प्रश्न : जर्दाळू आणले त्यात बिया होत्या, मुलं फोडून आतला गर खातात, काही कडू लागतात. तेलाची बाटली पण कडू बदामासारखी वास मारते. विषारी असतं असं ऐकलं, खरं आहे का? हे तेल भाजीला वापरता येईल का?
— वाचक, मुंबई

उत्तर : कडू गर मुलांच्या हातातून आजच काढून घ्या, ही अफवा नाही. कडू बियांमध्ये अमिग्डॅलिन असतं, चावल्यावर किंवा वाटल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडून सांगितलं की मोठ्या माणसाने तीनपेक्षा जास्त लहान कच्चे गर एका वेळी खाल्ले तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि लहानग्यांसाठी एक छोटा गरसुद्धा जास्त होऊ शकतो. गोड बियांचे वाणही असतात, लडाखचं पांढऱ्या बीचं रक्तसे कारपो त्यातलंच, त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गर तिथे बदामासारखा खातात. पण पाकिटातल्या मिसळलेल्या जर्दाळूत कुठली बी कुठल्या झाडाची हे बाहेरून कळत नाही. म्हणून सल्ली-जर्दाळू करताना निघालेल्या बिया मुलांपुढे ठेवू नका, कडू लागली की थुंका. गर बरेच खाल्ले असतील आणि डोकं दुखतंय, चक्कर येतेय, मळमळतंय, धाप लागतेय असं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल.

तेलाचं तसं नाही. अमिग्डॅलिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, ते पेंडीत मागे राहतं. तेलाला येणारा कडू बदामाचा वास बेंझाल्डिहाइडचा, त्याच विघटनातून सुटलेला. त्वचेला लावायला त्याने अडत नाही. खाण्याचं म्हणाल तर हिमाचल-लडाखच्या घरांमध्ये हे तेल पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकात आहे, तिथे जर्दाळूला चुली म्हणतात म्हणून हे चुलीचं तेल (आपल्या चुलीशी संबंध नाही), पण तुमच्या बाटलीवर खाद्यतेल असं लिहून अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक असेल तरच खा. "फक्त बाहेरून लावण्यासाठी" लिहिलेली बाटली फोडणीत जायची नाही. आणि घरी मिक्सरवर बिया वाटून तेल काढायच्या फंदात पडू नका, ते पाणी, तो लगदा, ते भांडं, सगळ्यात सायनाइडचा प्रश्न आहे. पेंड गाई-म्हशीला तर अजिबात नको.

प्रश्न : बाळाला मसाज करते जर्दाळूच्या तेलाने, माहेरून कोणीतरी आणून दिलं होतं. टॉवेल आणि दुपटी धुतली तरी त्यांना तेलाचा विचित्र वास राहतोच, ड्रायरमधून काढल्यावर तर जास्त. तेल खराब आहे का? आणि खराब असेल तर उरलेल्याचं काय करू?
— वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बाटलीतलं तेल चांगलं असूनही टॉवेलला वास येतो. कापडावर तेल पातळ पसरतं, बाटलीतल्या तेलापेक्षा कितीतरी जास्त हवा त्याला लागते आणि ते आठवड्याभरात खवटतं, मग ड्रायरची उष्णता त्यावर. टॉवेल लगेच, गरम पाण्यात, जरा जास्त डिटर्जंट घालून, भांड्यांच्या लिक्विडचे थेंब आधी डागांवर चोळून धुवा. वास राहिला असेल तर ड्रायरमध्ये घालूच नका, बाहेर वाळवा. हे मी कपड्यांच्या काळजीने सांगत नाहीये. तेलकट राहिलेले टॉवेल ड्रायरमधून गरम गरम काढून घडी घालून एकावर एक ठेवले की आतल्या तेलाचं ऑक्सिडेशन चालू राहतं, उष्णता बाहेर जात नाही आणि ढीग आपोआप पेटू शकतो, मसाज पार्लरमध्ये अशा आगी लागलेल्या आहेत. मसाजसाठी दोन जुने टॉवेल वेगळे ठेवा, दोरीवर वाळवा.

बाळाला लावताना नट्सची ॲलर्जी घरात कोणाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि खवट तेल बाळाला नकोच. खराब झालेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, पाइपात जाऊन बसतं. जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून बंद पिशवीतून कचऱ्यात. थोडंसं असेल तर देवापुढच्या दिव्याला चालेल, वात बारीक ठेवा, खवट तेल धूर जरा जास्त करतं. दाराच्या बिजागरीला वगैरे घालू नका, काही महिन्यांनी तेच चिकट होऊन दार आणखी कुरकुरतं. बाटली काचेची असेल तर ती मात्र ठेवा, सोडा आणि गरम पाण्याने दोनदा धुऊन, उपडी घालून दोन दिवस वाळवली की पुढच्या तेलाला होते, फक्त झाकण नवीन घ्या.